जाईच्या वेलीच्या पाच फ्लॉप्या

साल २०२३, आणि मला त्र्याहत्तर पूर्ण झालेली. शाळा म्हणाल तर चौथी, तीही अर्धीच. पण हडपसरला आमच्या गल्लीत भरतकामाचं कॉम्प्युटर मशीन पहिलं आणलं ते मी, हे कुणालाही विचारा. ते मशीन अजून चालतं. त्याला नक्षी द्यायची ती फ्लॉपीवरूनच. पेनड्राइव्ह लावायला त्याला जागाच नाही.

त्यातली एक नक्षी माझ्या बायकोची. जाईची वेल, ब्लाउजच्या बाहीसाठी. तिनं चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं काढलेली. ती जाऊन नऊ वर्षं झाली, तरी बायका येऊन विचारतात, "ती जाई आहे ना हो अजून?" २०२३ मध्ये त्या नक्षीच्या फ्लॉपीला बुरशी लागली आणि मशीन ती वाचेना. सूनबाईनं पूर्वी कधीतरी अख्ख्या फ्लॉपीची हुबेहूब प्रत काढून पेनड्राइव्हमध्ये ठेवली होती. तेव्हा मी तिच्यावर ओरडलो होतो. आता तीच म्हणाली, "बाबा, प्रत आहे. फक्त ती परत फ्लॉपीवर उतरवून देणारा माणूस शोधायचा."

माणूस कोथरूडला सापडला. निवृत्त शिक्षक, एकटेच राहणारे, एक अख्खी खोली जुन्या कॉम्प्युटरांनी भरलेली. पैसे घेत नाही म्हणाले. तिथंच माझं डोकं फिरलं. पूर्वी एकाकडे मी मोराची नक्षी कॉम्प्युटरवर चढवायला दिली होती. पंधरा दिवसांत माझा मोर दुसऱ्याच्या कापडावर बाजारात लटकत होता. त्यानं निदान पैसे तरी घेतले होते. हा फुकट करतो म्हणजे याला काय पाहिजे?

मी जुन्या बाजारातल्या कोऱ्या फ्लॉप्या आणि सूनबाईचा पेनड्राइव्ह घेऊन गेलो आणि त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसलो.

"अहो, जरा सरका. माझा हात हलत नाही," ते म्हणाले.

"हलतोय की. मी बघतोय."

"तुमची वेल घेऊन मी काय करणार? माझ्या लेंग्याला लावू?"

"मला काय माहीत. घरात कोणाचं साडीचं दुकान असेल."

"आमच्या घरात आता साडी नेसणारंच कोणी नाही," ते म्हणाले आणि पुढची फ्लॉपी घातली.

तरी मी खुर्ची सरकवली नाही.

पाच फ्लॉप्या झाल्या. प्रत्येक फ्लॉपी घालायच्या आधी ते एक गोष्ट करत होते. तिच्या कोपऱ्यातल्या चौकोनी भोकावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावत होते. मी विचारलं, "हे काय झाकताय?"

"भोक."

"कशाला?"

"मशीनला दिसू नये म्हणून." पुढं ते बरंच काही सांगत होते, पण माझं लक्ष त्यांच्या दुसऱ्या हाताकडं. मशीनच्याही डोळ्यांत धूळ फेकणारा माणूस माझ्यापासून काय काय लपवत असेल!

निघताना मी म्हणालो, "आता तुमच्या कॉम्प्युटरवरची प्रत पुसा. पेनड्राइव्हमधली पण."

"पेनड्राइव्ह तुमचा आहे. राहू द्या. फ्लॉपीचा काही भरवसा नाही."

"फ्लॉपी कोणाला वाचता येत नाही. पेनड्राइव्ह कोणीही लावील. पुसा."

त्यांनी दोनदा विचारलं. दोनदा मी पुसा म्हणालो. माझ्यासमोर पुसलं.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते त्या पट्ट्या काढायचं. माझ्या वस्तूला ठिगळ मला चालत नाही. पाचही स्वच्छ केल्या आणि पहिली मशीनमध्ये घातली. मशीननं गुरगुर केली आणि विचारलं, ही फ्लॉपी वाचता येत नाही, साफ करू का? मी रागात 'हो' दाबलं. ती गेली. दुसरी घातली, तोच प्रश्न. या वेळी हात आवरला. तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्यांचं तेच.

मी फोन लावला. "अस्सल स्वतःकडे ठेवून मला कोरा माल दिलात!"

"पट्टी आहे ना जागेवर?"

"कसली पट्टी? मी काढली."

ते म्हणाले, "साहेब, या फ्लॉप्या नंतरच्या काळातल्या. ते भोक दिसलं की तुमचं मशीन समजतं ही नव्या जातीची, आणि नव्या रीतीनं वाचायला जातं. आत लिहिलंय जुन्या रीतीनं. हे मी तुम्हाला सांगितलं होतं. साफ तर नाही ना केलीत?"

"एक केली."

"बाकी चार जपा. माझ्याकडे काही नाही. तुम्हीच पुसायला लावलंत."

मी फोन ठेवला. सॉरी म्हणायची मला सवय नाही. शेजारच्या वायरमनकडून काळी पट्टी मागून आणली, कात्रीनं चौकोन कापला, एका फ्लॉपीचं भोक दोन्ही बाजूंनी झाकलं आणि ती आत सारली. बटणावर बोट ठेवायला धीर होईना. सूनबाई मागं उभी होती.

मशीननं फ्लॉपी घेतली. सुई चालू झाली. आधी देठ, मग पानं, मग कळी. तिसऱ्या कळीपाशी माझ्या बायकोनं एक पान उलटं काढलं होतं. मी तेव्हा म्हणालो होतो, सुधार. ती म्हणाली होती, असू दे. ते पान उलटंच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेल्या तिन्हींना पट्ट्या लावल्या. त्यातल्या एकीवर पेनानं सही केली, अर्धी पट्टीवर आणि अर्धी फ्लॉपीवर. कोणी पट्टी काढली तर कळेल. मग कोथरूडची बस पकडली आणि ती फ्लॉपी त्या गृहस्थांच्या हातात ठेवली. "ही तुमच्याकडे राहू द्या," म्हणालो, आणि सही दाखवली.