डॉक्टरसाहेबांची दुर्बीण

आमच्या सौंसरचे ढोरडॉक्टर कोणाकडेही पाहताना आधी पोटाकडे पाहत. चेहऱ्याची पाळी नंतर येई. एकदा भर कचेरीत त्यांनी तहसीलदारांना विचारले, "साहेब, जेवल्यावर लोळता का तुम्ही? नका लोळत जाऊ." तहसीलदार रागावले. बैलाच्या मालकाला जे विचारलेले चालते, ते साहेबांना का चालू नये, हे डॉक्टरसाहेबांना शेवटपर्यंत कळले नाही.

पोटफुगीशी त्यांचे जुने वैर होते. ओला चारा खाऊन टम्म फुगलेल्या बैलाच्या कुशीत नळी टोचून ते हवा सोडत, तेव्हा सत्कार स्वीकारल्यासारखे प्रसन्न दिसत. मोठ्या छातीच्या कुत्र्याचे जठर फुगून त्याला पीळ पडला, की मात्र त्यांचा इलाज चालत नसे. "तवा मी फक्त पाहाले जातो, मास्तर," ते मला म्हणत. म्हणून त्यांनी एक उपाय धरला होता. कुत्रा धडधाकट असतानाच उजव्या कुशीत चार बोटांचा छेद घ्यायचा आणि जठर आतून टाके घालून पोटाच्या भिंतीला जोडून ठेवायचे. मग ते फुगले तरी फिरत नाही.

हा चार बोटांचा छेदही त्यांना मोठा वाटे. सरकारी शिबिरात बायकांची ऑपरेशने दुर्बिणीतून होताना त्यांनी पाहिली होती, तेव्हापासून त्या दुर्बिणीवर त्यांचा जीव जडला होता. "किल्लीच्या भोकातून घर दिसते, तं भिंत कायले पाडाची?" दुर्बीण मिळणे शक्य नव्हते, पण आपल्या छेदाला ते कौतुकाने 'दुर्बिणीसारखं ऑपरेशन' म्हणू लागले.

तिथेच घोटाळा झाला. त्या वर्षांत आमच्याकडे दुर्बिणीचे ऑपरेशन म्हणजे एकच, नसबंदीचे. त्याच्या केसेस आणण्याचे काम आम्हा शिक्षकांकडेही असे. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो आणि विनोदी म्हणून नावाजला जात होतो. डॉक्टरसाहेबांचे म्हणणे मला नीट समजले होते. तरीही चहाच्या टपरीवर मी म्हणालो, "माणसं भेटून नाही राहिले, म्हणून डॉक्टरसाहेब आता कुत्र्याच्या केसेस करून राहिले." हशा आठवड्याभरात लोधीखेड्यापर्यंत पोचला.

माझ्या आत्याबाईंच्या संत्र्याच्या बागेत भालू नावाचा दांडगा कुत्रा होता. त्याची आई पोट फुगूनच गेली होती, म्हणून डॉक्टरसाहेब त्याच्यासाठी आग्रह धरून होते. आत्याबाई तयार झाल्या होत्या. तेवढ्यात माझा विनोद त्यांच्या कानी गेला.

"नाही बाप्पा, डॉक्टर! चार घरी त्याचे पिल्लं कबूल केले मी."

"बाई, त्याच्या संसारात मी कायले पडू? मी पोटाचं बोलून राहिलो."

"पोटाचंच नाव सांगतात सारे."

मी तिथेच उभा होतो. माझ्या एका वाक्याने गैरसमज मिटला असता. मी हसलो.

दोन महिन्यांनी भालू भरपेट खाऊन बागेत धावला आणि दुपारी ढोलासारखा फुगला. डॉक्टरसाहेब सायकल दामटीत आले. घशातून नळी आत जाईना. दिवस कलता भालू गेला, तोवर त्याचे डोके मांडीवर घेऊन ते बसले होते. मग उठून आत्याबाईंना म्हणाले, "चूक माही आहे, बाई. टाके म्हणायले पाह्यजे होतं. दुर्बीण म्हणालो." मी त्यांची सायकल फाटकापर्यंत ढकलत नेली.

पुढच्या आठवडी बाजारात मी लोकांना खरे काय ते समजावू लागलो. लोक पहिल्यापेक्षा जास्त हसले. "मास्तर, कुत्र्याची केसही तुमच्याच नावावर लागते काय?" कोणी ऐकत नाही, हे सांगायला मी डॉक्टरसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "बोलून नाही होत. कुत्रा आणा."

भालूची बहीण रूपी आत्याबाईंकडेच होती. विनोद माझा होता, हे मी आत्याबाईंना सांगितले. त्यांनी रूपीची साखळी सोडून माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "ने तिले. पण थे गेली, तं तूही इकडं येऊ नको."

ऑपरेशनच्या वेळी रूपीचे पाय मीच धरले होते. "मास्तर, डोळे मिटून कायले राहिले? टाके तिले घालतो मी, तुमाले नाही." रूपी वाचली. पुढल्या साली तिने सहा पिल्ले दिली, आणि माझा विनोद कायमचा निकालात निघाला. लोक आपणहून कुत्रे घेऊन दवाखान्यात येऊ लागले.

मग डॉक्टरसाहेबांची बदली झाली. छिंदवाड्याच्या बसपाशी त्यांना सारे सांगायचे असे मी ठरवून गेलो होतो. ते मात्र रूपीला एकदम पोटभर न घालता थोडे थोडे तीनदा कसे घालावे, हेच समजावत राहिले. माझे शब्द जमेपर्यंत बस सुटली. आधी क्षमा मागू, मग पत्ता विचारू, असा माझा क्रम होता. त्यामुळे पत्ताही राहिला.

रूपी पुष्कळ जगली. शेवटी बागेतल्या उन्हात झोपलेली असतानाच, काही न होता, केवळ म्हातारपणाने गेली. आत्याबाई रडत होत्या. मी पोस्टकार्ड घेऊन बसलो, 'रूपी म्हातारपणाने गेली' एवढे लिहिले, खाली सहीही केली. पत्त्याची बाजू कोरी आहे. कार्ड अजून माझ्याजवळ आहे.