एमआरआयमधली डबलबारी

"काका, तुम्ही हलताय," मी माइकवरून म्हणालो.

"मी खंय हललंय?" मशीनच्या बोगद्यातून परबकाकांचा आवाज.

काचेतून मला त्यांच्या पायांचे अंगठे दिसत होते. दोघेही रंगात आले होते.

मी परळच्या एका हॉस्पिटलात एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. परबकाका लालबागचे, भजनी मंडळातले पखवाजवाले. रक्ततपासणीत त्यांचा पीएसए वाढलेला निघाला. पीएसए म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रोटीन. कॅन्सरने ते वाढतं, तसं वयोमानाने ग्रंथी मोठी झाली तरी वाढतं. पूर्वी छडा लावायला थेट बायॉप्सी करायचे, म्हणजे सुईने ग्रंथीचे तुकडे काढायचे. हल्ली बहुधा आधी एमआरआय करतात. त्यात संशयास्पद काही दिसलं नाही, तर पुष्कळांची सुई टळते. काकांना सुईच्या नुसत्या नावाने घाम फुटायचा.

पण अंगठा हलला की कंबर हलते, आणि फोटो धूसर येतात. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी स्क्रीन पाहिला. "यावर मी 'सुई नको' म्हणू शकत नाही. परत घे. नाहीतर बायॉप्सीच."

मी आत गेलो. "काका, काय चाललंय?"

"अरे, तुझी मशीन ठेको धरता. हात गप ठेवलंय, पाय कसे गप ऱ्हवतले?"

मीही गिरणगावातलाच. डबलबारी बघत वाढलो. दोन भजनी मंडळं आपापल्या बुवांसह, म्हणजे मुख्य गायकांसह, समोरासमोर बसतात आणि आळीपाळीने गातात. समोरच्यांची बारी चालू असताना आपल्या पखवाजाला हात लावायचा नसतो.

"काका," मी कानाशी वाकलो, "ही मशीन म्हणजे समोरचे बुवा. आत्ता त्यांची बारी आहे. तुम्ही त्यांना साथ करताय."

काकांचा चेहरा पडला. "मी? त्येंका?"

"अख्खं मंडळ बघतंय."

त्यांनी डोळे मिटले. "चालू कर."

मग ते इतके निश्चल पडले की मीच घाबरून माइकवरून विचारलं, "बरे आहात ना?" उत्तर नाही. समोरच्यांच्या बारीत बोलतही नसावेत.

फोटो स्वच्छ आले. संशयास्पद काही नव्हतं, ग्रंथी तेवढी मोठी झाली होती. रिपोर्ट पाहून यूरोलॉजिस्ट म्हणाले, "आत्ता बायॉप्सी नको. काही महिन्यांनी पीएसए परत करू, वाढला तर बघू." अशी माणसं चालत घरी जाताना बघितली की त्या खडखडाट करणाऱ्या लोखंडाचे पाय धरावेसे वाटतात.

काकांनी जवळजवळ तेच माझ्यादेखत केलं. जाताना काचेतून मशीनला हात जोडले आणि माझ्याकडे वळले. "बुवा बरो आसा. पण लयीत कच्चो."

तेव्हापासून पेशंटला आत घेताना मी आणखी एक प्रश्न विचारतो: तुम्ही काय वाजवता?