उपरण्याखालचा भाव

नाशिकच्या बाजारात द्राक्षांचा भाव उपरण्याखाली ठरत असे. अडत्या खंडेराव कापडाआड हात धरी, खरेदीदार एकेक करून त्याची बोटे दाबीत आणि कोणी किती भाव दिला, हे खंडेरावाखेरीज कोणालाच कळत नसे. तिघे बडे खरेदीदार आदल्या संध्याकाळीच भाव ठरवून येत. मळेकरी समोर उभा राहून त्या कापडाकडे कौल लावल्यासारखा बघत राही.

सन १९३४च्या उन्हाळ्यात रहेमान बागवानाने हातगाडी विकून स्वतंत्र खरेदी आरंभली. रोज तो सर्वांहून चढी बोटे दाबी. रोज माल दुसऱ्याच्याच नावे पुकारला जाई. अखेर एके सकाळी, यादव मळेकऱ्याच्या मालावर बोली चालू असता, तो मोठ्याने म्हणाला, "मी पाटीला दोन रुपये दिले."

पाट्या उचलणारे हमालही वळून पाहू लागले. बोली तोंडाने उच्चारणे म्हणजे अडत्याला उघड खोटा म्हणणे.

"भाव म्हणजे काय बांग आहे, रहेमानभाई?" खंडेरावाने विचारले.

"बांग सगळ्यांना ऐकू येते, शेट. म्हणून तर माणूस वेळेवर उठतो."

यादवाने आकडा ऐकला होता. माल रहेमानालाच द्यावा लागला. मग खंडेरावाने गाडीवाल्यांकडे नुसते पाहिले. एकही गाडी जुंपली जाईना. काही कोस दूरच्या स्टेशनावर संध्याकाळच्या मुंबईच्या आगगाडीत माल चढला नाही, तर रहेमानाचे सारे भांडवल नासणार होते.

"यादवदादा, तुमची गाडी रिकामीच आहे. स्टेशनापर्यंत सोडा."

यादवाने जू उचलले, खंडेरावाकडे पाहिले आणि पुन्हा खाली ठेवले. "नाय जमायचं, भाऊ. उद्याबी मला हितंच यायचंय. दुसरा बाजार हाय कुठं?"

मोकळ्या स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्या विद्वानांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे. मुंबईत एक दार लागले तर माणूस दुसरे ठोठावतो. आमच्या गावाला दारच एक, आणि कडी आतल्यांच्या हाती.

रहेमानाने पाट्या डोक्यावरून घरी वाहून आणल्या आणि त्याची बायको सितारा दिवसभर त्यांच्यावर ओले गोणपाट टाकत राहिली. दुसऱ्या सकाळी घरभर आंबूस वास सुटला होता.

आठवड्याने रहेमान उसने भांडवल घेऊन बाजारात आला. खंडेरावाने आपण होऊन हात पुढे केला आणि हलक्या आवाजात विचारले, "या. काल संध्याकाळी ठरलेला भाव कळला ना?"

हातांवर उपरणे पडले. माल यादवाचाच होता. रहेमानाने आदल्या संध्याकाळी ठरली होती तेवढीच बोटे दाबली.

"भाऊ, तुमी किती दिलं?" यादवाने आशेने विचारले.

रहेमानाने हात बाहेर काढून सदऱ्याला पुसला.

"अडत्याला विचारा," तो म्हणाला.