बाईंची पेरणी

निजामाच्या अमलात बेंबळी गावात आम्हा मुलींना एक ख्रिस्ती बाई शिकवायच्या. विषय कुठलाही असो, बायबलवर बोट आपटून म्हणायच्या, "बघू, शास्त्र काय म्हणतंय!" पाच भाकरी पाच हजार माणसांत वाटल्या तर बाकी बारा टोपल्या, हा त्यांचा बायबलातला भागाकार.

शेतीच्या धड्याला त्यांनी पेरणाऱ्याची गोष्ट काढली. त्याचं थोडं बी खडकावर पडलं म्हणे.

मी उठले. "बाई, आमी तिफणीनं पेरतो. खडकावर बी घालायला पेरणारा येडा हाय का?"

बाई खळखळून हसल्या. "व्हय गं. माणूस जमीन बघून पेरतो. देव मुठीनं उधळतो, खडक बघत न्हाय."

पोरीला शिकवणं म्हणजे खडकावर पेरणं, असं आमचे आबा म्हणायचे. बाई तरी रोज येत राहिल्या.

हे मी माझ्या हातानं लिहितेय.