गाडी भरली का निघते!

ज्याच्याकडे स्वतःची गाडी असते, त्याच्याकडे सांगायला फक्त अॅव्हरेज असतं. दुसऱ्याच्या गाडीत कोंबून बसणाऱ्याकडे मात्र किस्से साठत जातात. राईस मिलची यंत्रं बसवायला मी सांगलीहून काही महिन्यांसाठी गोंदियाला आलो आणि माझ्याकडे आता इतके साठलेत की मित्र फोनवर विचारतात, "तू कामाला गेलायस की हिंडायला?"

सोबत अण्णा, माझे वडील. हल्ली त्यांचं विसरणं वाढलंय, म्हणून त्यांना सांगलीत एकटं ठेवता येईना. नावं लक्षात राहत नाहीत, त्यामुळे ते जगातल्या प्रत्येकाला 'बाळ' म्हणतात!

*

पहिल्या दिवशी स्टेशनबाहेर एका ऑटोवाल्यानं विचारलं, "स्पेशल जाना है, की सवारी में?" हे शालिकभाऊ. पुढे आमचे खास झाले. स्पेशलमध्ये खिसा रिकामा होतो, सवारीत चहाच्या पैशात घर गाठता येतं. आम्ही सवारीत बसलो. खोली फुलचूरला घेतली होती.

मागे चौघं झालो तरी ऑटो हलेना. मी म्हटलं, "भाऊ, भरली की!"

शालिकभाऊंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "भरली कोठी? तुमी तं अजून टेकून बसले!"

*

तिरोड्याच्या एसटीत एकदा खिडकीची जागा रिकामी दिसली. बसायला गेलो तर सीटवर एक चप्पल. एकच! रुमाल टाकून जागा धरतात हे मलाही माहीत होतं, पण चप्पल?

"कोणाची तरी राहिली वाटतं," मी म्हणालो.

"राहिली नाही, ठेवली हाये," कंडक्टर म्हणाला. "मानूस येतेच."

थोड्या वेळानं एक आजी चहा पिऊन ऐटीत चढल्या. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. आख्खा स्टँड त्या तशाच फिरून आल्या होत्या!

*

काळीपिवळी, म्हणजे गावोगाव धावणारी ती जीप, हा तर वेगळाच संसार. एका गावात ड्रायव्हरनं एका घरासमोर हॉर्न वाजवला. आतून बाईंचा आवाज आला, "भाजी टाकली हाये! आलीच!"

मला मिलची वेळ गाठायची होती. आता सगळे ओरडतील म्हणून मी वाट पाहत होतो. मागून एक जण ओरडलाच, "कायची हाये?"

"वांग्याची!"

"मंग होऊ द्या, होऊ द्या! कच्ची नोका उतरवू!"

भाजी शिजेपर्यंत जीप थांबली. कोणाच्या कपाळावर एक आठी नाही. मी थक्क!

*

एका रविवारी अण्णांना घेऊन बोदलकसाचा तलाव पाहायला गेलो. परतताना आमची जीप निघणार, तेवढ्यात एका मासळीवाल्या बाईनं पिशवी सरळ माझ्या मांडीवर ठेवली.

"भाऊ, माह्या बहिणीले द्या. गोंदियाच्या स्टँडवर उभी राहील."

"अहो, तुम्ही मला ओळखता तरी का?"

"त्याले काय ओळखा लागते? तुमी गोंदियालेच जाऊन राहिले ना?"

बहीण खरंच उभी होती. पिशवी घेतली आणि गेली, मी कोण हेही तिनं विचारलं नाही. सांगलीत मी शेजाऱ्याकडे किल्ली ठेवताना दहादा विचार करतो. अण्णा मात्र पिशवी पोचली म्हणून झोपेपर्यंत खूश होते.

*

आणि मग तो दिवस आला. दुपारी घरमालकीणबाईंचा फोन: "काकाजी कोठी दिसून नाही राहिले!"

अण्णांना ना पत्ता आठवतो, ना माझं नाव. धावत स्टँडवर गेलो, शालिकभाऊंना सांगितलं. मी मोबाईलमधला फोटो काढत होतो, तोवर त्यांनी निघणाऱ्या प्रत्येक गाडीला सांगायला सुरुवात केली होती. "पांढरी टोपी, बुडा मानूस, साऱ्यायले बाळ म्हणते!"

संध्याकाळी निरोप आला. अण्णा तिरोड्यात सापडले.

"मी निघतो," मी म्हणालो.

"तुमी कायले जाता? बसवून देल्लं त्याईले. येऊन राहिले."

जीप आली. पुढच्या सीटवर अण्णा, मांडीवर दुपट्ट्यात बांधलेला डबा. मला रडू आवरेना.

"अण्णा, चला, घरी जाऊ."

"थांब बाळ. हा डबा पोचवायचाय. दवाखान्याच्या फाटकाशी हिरव्या साडीची बाई उभी असेल. तिचा नवरा आत आहे. मऊ भात आहे, गरम द्यायचा."

मी ड्रायव्हरवर उखडलोच. "अहो, ह्यांना स्वतःचं घर आठवत नाही! आणि तुम्ही ह्यांच्याकडे डबा दिलात?"

ड्रायव्हर माझ्याकडे बघतच राहिला. "गाडीत त्याईचीच मांडी रिकामी होती ना भाऊ!"

शालिकभाऊंनी आम्हाला बसवून ऑटो चालू केली. दवाखाना जवळ आला तसं अण्णांनी स्वतःच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"इथे थांब, बाळ."

फाटकाशी हिरव्या साडीतली बाई उभी होती. अण्णांनी डब्याला हात लावून पाहिला आणि तिच्या हातात दिला.

"घे बाळ," ते म्हणाले, "अजून गरम आहे."