जेटमधली पिन

सकाळची बुद्धवंदना आज अर्धीच राहिली. ‘मुसावादा वेरमणी’ म्हणताना जीभ अडली. खोटं बोलणार नाही असं रोज म्हणणारी मी, तीन दिवस गप्प राहून खोटंच बोलत होते.

माझे घरधनी, पुंजाजी मिस्त्री, कनेरगाव नाक्यावरच्या टपरीत तीस वर्षांपासून जुन्या मोटरसायकली दुरुस्त करतात. साखरेनं डोळे नेले. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. तरी कार्बोरेटर बोटांनी चाचपून खोलतात, पेट्रोलमध्ये धुतात, त्यातल्या जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तोटीचं, केसाएवढं भोक तांब्याच्या तारेनं साफ करतात. मग गाडी चालू करून स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. “डोळे गेले तं गेले, कान हाय ना,” म्हणायचे. त्याच्यावरच माणूस उभा होता.

रविवारी वैजनाथची गाडी आली. तो नरसीहून दूध घालतो. गाडी त्याच्या वडलांच्या वेळची. जेट गच्च, तार जाईना. हे जेवायला उठले आणि मी मदत म्हणून स्टोव्हची पिन घातली. स्टोव्हचं निपल मी वीस वर्षं तिनंच साफ केलेलं, तेही पितळेचंच. पिन अडली, तशी मी जोर लावून फिरवली. घाण निघाली. हे हात पुसत येऊन म्हणाले, “आँ? सुटलं की!” मी बोलले नाही.

सोमवारी वैजनाथ परत. “मिस्त्री, दूध घालून राहिलो का वीटभट्टी घेऊन हिंडून राहिलो? धूर तं पाहा!”

पुन्हा खोललं, धुतलं, हवेचा स्क्रू फिरवला. आवाज जडच. मंगळवारी तिसऱ्यांदा तेच. तेव्हा स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून मला म्हणाले, “जनका, माहा कान गेला.”

मग पुण्याला आमच्या पोराला, प्रमोदला, फोन लावला. “टपरी देऊन टाकू कोणाला. तू म्हणतो तसं, येतो मी तिकडं.” भाकरीला हात लावला नाही.

आज टपरीत गेले तर हे पाने-पकडी पोत्यात बांधत होते.

“ऐकलं का? कान न्हाई गेला तुमचा. जेटमधी मी स्टोव्हची पिन घातली होती.”

हात थांबले. “लोखंडाची?”

“व्हय.”

“फिरवली?”

“व्हय.”

त्यांनी वैजनाथच्या खोलून ठेवलेल्या कार्बोरेटरमधलं जेट चाचपून काढलं, तार घातली. तार सैल सटकून पलीकडे गेली. “भोक मोठं केलंस. पेट्रोल जास्त जाऊन राहिलं. काहून बोलली न्हाई?” आणि गुडघ्यात डोकं घालून रडले. “तीन दिवस मी मलाच पुरून राहिलो, बाई.”

नवं जेट हिंगोलीत कुठंच नाही. दोन दुकानांत विचारलं. शेवटी कथील वितळवून त्यांनी भोक बुजवलं. बारीक सुईनं नवं पाडायचं काम माझ्याकडं. जेट मांडीवर धरून मी सुई टोचली.

वैजनाथ कॅन धरून उभा. “काकू, दूध नासलं तं पनीर तुमीच करायचं.”

जेट बसवलं, किक मारली. यांनी मूठ कानाला लावली. पोतं तसंच बांधलेलं होतं.

“अजून जड हाय,” म्हणाले. “तू पुन्हा मोठं पाडलं. खोल.”

मी पोत्याची गाठ सोडून पाना घेतला.