शुक्रवारचा मिसरी पिक्चर

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आणि ज्या दोन माणसांना सांगायला हवं होतं, त्यांच्यासमोर तर मी इतकं साळसूद तोंड करून बसते की माझं मलाच नवल वाटतं. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. दुसरं कारण नाही.

पण आधी पिक्चरचं सांगू द्या. तुम्ही म्हणाल, ही टाळतेय. टाळतेच आहे. तरी ते कळल्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही.

माझे अब्बा डिझेल मिस्त्री. माझं सगळं लहानपण ते कुवेतला होते, एका वर्कशॉपमध्ये, आणि तिथले बाकीचे कारागीर झाडून सगळे इजिप्तचे. अब्बा त्यांना मिसरी म्हणतात. एका खोलीत राहायचं, एका परातीत जेवायचं, आणि सुट्टीला मिसरी पिक्चर बघायचे — हाणामारीचे. परत आल्यावर अब्बांनी कापूरहोळला हायवेच्या कडेला गॅरेज टाकलं. शुक्रवारी दुपारी नमाज पढून आले की काम बंद. शटर अर्धं खाली, आत टीव्ही, टीव्हीवर मिसरी पिक्चर. ड्रायव्हर लोक टायरवर, ऑइलच्या रिकाम्या डब्यांवर बसून बघायचे. भाषा कुणाच्या बापाला येत नव्हती. अब्बा टीव्हीशेजारी उभे राहायचे आणि पडद्यावरचा माणूस तोंड उघडेल तसं मराठीत सांगायचे.

आणि काय सांगायचे, अहाहा! मी भोरला ब्लाउज शिवते. लग्नसराईत उत्रोलीच्या पोरी दारात उभ्या असल्या तरी शुक्रवारी मी मशीन झाकून वडापच्या जीपनं कापूरहोळ गाठायची. हातात अब्बांचा डबा असायचा. डबा काय, कुणाबरोबरही पाठवता आला असता. मी ऐकायला जायची.

अब्बांचं म्हणणं असं, की मिसरी मारधाडीचा पिक्चर चालणार का पडणार हे सुरुवातीलाच कळतं. हिरोनं पहिला मार स्वतः खाल्ला पाहिजे. तोही परक्या मुलखात नाही — आपल्याच गल्लीत, सगळ्या खिडक्या उघड्या असताना, ज्या बाया त्याला लहानपणापासून ओळखतात त्यांच्यासमोर. मग पुढं तो एकटा दहा जणांना लोळवतो तेव्हा आपल्याला खोटं वाटत नाही. का? कारण त्याची लाज आपण बघितलेली असते. हे ऐकून एक ट्रकवाला म्हणाला होता, चाचा, ते ऱ्हाऊ द्या, बॉम्ब किती फुटतात सांगा. अब्बा त्याच्याशी महिनाभर धड बोलले नाहीत.

दुसरं, मिसरी माणूस चिमटा काढल्याशिवाय ठोसा मारत नाही. मरणाच्या दारात उभा असेल, तरी आधी एक टोमणा. हिरोचा एक दोस्त असतो, भित्रा आणि बडबड्या, आणि अर्धा पिक्चर त्याच्या खांद्यावर असतो. गाडी जुनी पाहिजे, एक दार दुसऱ्या रंगाचं — हे सांगताना अब्बांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी असायचं. चकचकीत गाडी दिसली की म्हणायचे, पडला. आणि हिरो पुलावरून नदीत उडी टाकेल, पण आईच्या दारात आला की चपला काढून मान खाली घालून उभा राहील. तिकडं हे पिक्चर ईदला लावतात. नवे कपडे घालून आजीपासून नातवापर्यंत सगळं घर एका रांगेत बसतं, मग त्यात आजीसाठी काही नको?

पण मला सगळ्यांत आवडायचं ते संत्र्यांचं. बाजारातनं पाठलाग होतो, हातगाड्या उलथतात, फळं रस्ताभर. अब्बा म्हणायचे, ज्याची संत्री सांडली त्याचं तोंड दाखवलंय का बघा. नुसती गाडी भुर्रकन गेली तर तो पिक्चर बनवणाऱ्याला माणसं दिसत नाहीत. दाखवलं असेल तर बिनघोर बसा, पुढचाही पिक्चर चांगला असणार. मी तेव्हापासून कुठलाही पिक्चर बघताना संत्रीवालाच शोधते.

आता खरं सांगू? अब्बांना अरबी येते ती गॅरेजपुरती. पाने, बोल्ट, जेवण, आणि शिव्या. हिरो भराभर बोलायला लागला की त्यांना फार तर निम्मं कळत असेल. बाकीचं ते पदरचं घालायचे. हे मला फार आधी कळलं होतं, कारण मी पडद्याकडं नाही, अब्बांकडं बघायची. आणि अब्बा पडद्याकडं नाही, समोर बसलेल्यांकडं बघायचे. कुणाचा मालक पगार दाबून बसलाय, तर त्या दिवशी व्हिलन पगार दाबणारा. कुणाची मुलगी दवाखान्यात, तर हिरोची बहीण हटकून बरी होणार. सगळं गॅरेज त्या पिक्चरमध्ये असायचं. असा माणूस मी दुसरा बघितला नाही. हे मी आज म्हणते. तेव्हाही मला ते माहीत होतं — आणि म्हणूनच माझा गुन्हा मोठा आहे.

गॅरेजला लागून अंजिराक्काची चहाची टपरी आहे. आक्का मूळची मार्गासनीची. नवरा गेल्यावर एकुलत्या पोराला घेऊन इकडं आली. पोरगा टेम्पो चालवायचा. त्यानं आईला न विचारता लग्न केलं, आक्का रागानं नको ते बोलली, आणि तो बायकोला घेऊन गेला तो गेलाच. गुजरातेत कुठंतरी आहे म्हणतात. फोन नाही. आक्का शुक्रवारी किटली घेऊन आत यायची, चहा वाटून झाला तरी शटरला टेकून उभी राहायची. आणि अब्बा — कुठलाही पिक्चर असो, हिरोनं फोन कानाला लावला रे लावला, की अब्बा म्हणायचे, “अम्मा, जेवलीस का? मी येतोय.”

एवढंच वाक्य. प्रत्येक पिक्चरमध्ये. आक्का पदरानं तोंड पुसायची आणि टपरीवर परत जायची.

आणि माझं काय व्हायचं? माझ्या पोटात दुखायचं. हो, दुखायचं. लहानपणी अब्बांचा फोन शेजारच्या दुकानात यायचा. आम्ही धावत जायचो. अम्मीशी घराचं, पत्र्यांचं, आजारपणाचं बोलून झालं की रिसीव्हर माझ्याकडं यायचा. अब्बा म्हणायचे, अभ्यास कर. बस, मग लाइन कट. वर्षानुवर्षं तेवढंच. मी रिसीव्हर कानाला धरून उभी राहायची, की अजून काही येईल. ‘जेवलीस का’ हे मला कधी कुणी कुवेतहून विचारलं नाही. आणि इथं कोण कुठली चहावाली, तिला दर शुक्रवारी? माझ्याच बापाच्या तोंडून? बघा, मी ‘कोण कुठली’ म्हणाले. जिनं मला हजार वेळा फुकट चहा पाजला ती.

तर टीव्ही. जुना बिघडला म्हणून नवा मीच आणला होता, इंटरनेटवर चालणारा. त्यात बटण दाबलं की खाली हिंदीत अक्षरं येतात, पडद्यावरचे लोक काय बोलतात त्याची. गॅरेजात न्यायच्या आधी घरी लावून बघितला, तेव्हाच मला ते कळलं होतं. बटण कुठलं, किती वेळा दाबायचं, मी पाठ केलं होतं. कशाला पाठ केलं? तेव्हा स्वतःला म्हणाले, असू दे, माहीत असावं.

त्या शुक्रवारी पिक्चर झकास होता. हिरोनं गल्लीत मार खाल्ला होता, गाडीचं दार वेगळ्या रंगाचं होतं, संत्रीवालाही होता. अब्बा रंगात आले होते. मग हिरोनं फोन काढला. मी आक्काकडं बघितलं — ती आधीच पदर हातात घेऊन उभी होती. अब्बांनी सुरुवात केली, “अम्मा, जेवलीस का…” आणि मी ओढणीखाली रिमोटचं बटण दाबलं.

खाली अक्षरं आली. गाडी पुलाजवळ लाव आणि डिझेल भरून ठेव. हिरो त्या भित्र्या दोस्ताशी बोलत होता.

कुणीतरी मोठ्यानं वाचलं. मग सगळे हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. एक जण म्हणाला, चाचा, अम्माला डिझेल पाजताय व्हय? अब्बाही हसल्यासारखं करायला गेले, पण तोंड अर्ध्यातच राहिलं. आणि आक्का वाचत होती. चौथी शिकलेली बाई, ओठ हलवत एकेक अक्षर लावत होती. तिचं तोंड मी बघितलं. अब्बा म्हणतात ना, दाखवलं पाहिजे — म्हणून सांगते. रडली नाही ती. दारात कुणी आलंय असं वाटून माणूस लगबगीनं उठतो आणि दारात कुणीच नसतं, तसं तिचं तोंड झालं. तिनं किटली उचलली आणि गेली.

अब्बांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या ओढणीकडं बघितलं असं मला वाटतं. मी म्हणाले, “आपोआप आलं, अब्बा. नवा टीव्ही आहे ना, होतं असं.”

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “बरं झालं,” म्हणाले. “आता ज्याचं त्याला वाचता येईल.” आणि आयुष्यात पहिल्यांदा खाली, टायरवर, लोकांच्यात बसले.

ते बटण पुन्हा दाबलं की अक्षरं जातात. मला माहीत होतं. मी दाबलं नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. लोक दोन-चार आठवडे वाचत बसले, मग एकेक कमी झाला. वाचायचंच तर मोबाईल ज्याच्या त्याच्या खिशात आहे. आता शुक्रवारी शटर पुरतं खाली असतं. अब्बा टपरीच्या बाकड्यावर बसून गाड्या बघतात. मिसरी पिक्चरचा विषय काढला तर म्हणतात, हल्लीचे पडतात सगळे.

इथंच थांबले असते तर एक वेळ ठीक. पण पुढचंही आहे.

काही महिन्यांनी एकदा मी टपरीवर एकटीच चहा पीत होते. आक्का भांडी विसळत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, “रुबे, मला काय कळत न्हवतं व्हय? फोनात बाईचा आवाज कदी आला न्हाई. मिस्तरी मनचंच बोलायचे, म्या वळखलं हुतं. पर कुनी तरी म्हनत हुतं गं. आता कोन म्हनंल?” मग टीव्हीला एक सणसणीत शिवी घातली. आग लागो म्हणाली त्याला.

बोलायची वेळ तीच होती, नाही का? आक्का, टीव्ही नाही गं, मी. चार-पाच शब्द. माझी जीभ एरवी अशी की गिऱ्हाईक घाबरतं. मी म्हणाले, “व्हय आक्का, मेला टीव्हीच तसला.” आणि तिनं दुसरा कप भरून दिला, तो प्यायले.

आता शेवटचं. पिक्चर बंद झाल्यापासून शुक्रवारी दुपारी अब्बांचा मला फोन येतो. डबा आता मी दुसऱ्याबरोबर पाठवते. अब्बा हवापाण्याचं बोलत नाहीत, डब्यात काय होतं ते बोलत नाहीत. एकच विचारतात. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी मशीनवरून उठून मागच्या खोलीत गेले आणि तोंडात ओढणी कोंबली. त्यांनी रिमोट बघितला होता का? त्यांना कळलं का, मी का केलं ते? विचारायची हिंमत मला झालेली नाही.

मागच्या शुक्रवारीही आला. मी अस्तर कापत होते. “रुबी, जेवलीस का?”

मी म्हणाले, हो अब्बा, जेवले. पलीकडं हायवेच्या गाड्यांचा आवाज येत होता, आणि त्याच्या अलीकडं, अगदी जवळ, कपबशा विसळल्याचा. अब्बा आक्काच्या बाकड्यावर बसून बोलत होते. मग विसळणं थांबलं; आक्का ऐकत असणार. अब्बा अजून लाइनवर होते, मीही होते. कपबशा पुन्हा वाजेपर्यंत मी फोन कानाला धरून उभी राहिले, आणि मग ठेवला.